शिडं दिसत असताना

आईचा निरोप घ्यायची ही कुठली रीत? केझाया गलबताकडे नेणाऱ्या होडीत बसली ती पाठ करूनच. हात हलवला नाही की मान वळवली नाही. दूर सव्हाना बंदरातल्या पिंपं बनवणाऱ्याशी लग्न ठरलं म्हणून मार्बलहेड गावाशी नातं तुटलं काय?

डॉर्कसबाई तणतणत घरी आल्या आणि त्यांनी तडक झाडू हातात घेतला.

शेजारची रूथ दारातच थबकली. "अगं डॉर्कस, गलबताची शिडं अजून दिसतायत! एवढ्यात घर लोटतात का कुणी? गेलेलं माणूस परत यायचं नाही."

"तू नको लोटूस. तसंही कुठं लोटतेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळचं बाकडं ओलं होतं. डॉर्कसबाईंनी आढं निरखलं. आठ दिवसांत पाऊस नव्हता. बाकडं पुसून त्या खारवलेले मासे वाळत घालायला किनाऱ्यावर गेल्या.

तिसऱ्या सकाळी दारापासून बाकड्यापर्यंत ओली पावलं उमटली होती. अनवाणी. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. तसा पाय घरात एकट्या केझायाचाच. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. मासे खारवणाऱ्यांच्या घरात मिठाचं काय नवल, असं त्या स्वतःलाच म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी बाकड्यावर घोंगडी टाकून ठेवली. सकाळी ती भिजलेली होती, आणि ऊबदार.

गलबत बुडालं असेल, हे त्यांनी कुणापाशी उच्चारलं नाही. फक्त मासे उलटताना नजर पुन्हा पुन्हा बंदराकडे जाई.

दोन महिन्यांनी त्या गलबताचा कप्तान ओबेड परतला. "पोचली, मावशी. लग्नही लागलं."

डॉर्कसबाई धक्क्यावरच्याच एका पिंपावर टेकल्या.

"पण एक सांगू? वादळात आम्ही सगळे चिंब. ही डेकवर उभी, अन् अंगावर थेंब नाही. आता तर नुसती वाळत चाललीय. जावई म्हणतो, आईनं येऊन एकदा जवळ घेतलं तर जगेल. परवा निघतोय आम्ही. येताय ना?"

"बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी पावलं ताजी होती.

बाकड्याखाली पाणी ठिबकत होतं.

डॉर्कसबाईंनी दाराला आतून अडसर घातला. समोर खुर्ची ओढून त्या बसल्या.

"तिकडं कोण वाळतंय, मला ठाऊक नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "न बोलता गेलीस, ती तुझी चूक. आलीस, म्हणून माफ केली. आता मात्र इथून हलायचं नाही."