टाकीवरची रेघ

भांडं आपटलं नव्हतं, नुसतं ठेवलं होतं, असं ताईने शपथेवर सांगितलं असतं. पण त्या सकाळी ओट्यावर जो आवाज झाला, त्याने बाबांचा चहा बशीत सांडला. आणि कारण काय, तर धाकटी मासिक वाचून दाखवत होती!

“‘प्रदर्शनातल्या सगळ्या नमुन्यांत देखणी मोटरसायकल हीच,’” धाकटी वाचत होती. “‘टाकीवरून निघून सीटखाली विरून जाणारी ती एक रेघ पाहिली की हात आपोआप पुढे जातो. पण असे नमुने काचेमागेच शोभतात. ही गाडी कधी रस्त्यावर येईल? आम्हाला शंका आहे.’”

“शंका कसली त्यात!” बाबा फुरफुरले. जन्म गॅरेजमध्ये गेलेला, त्यामुळे गाडीवर मत देताना ते कुणाच्या बापाला भीत नसत. “मागे मडगार्ड नाही, आरसे नाहीत. चिखल काय चालवणाऱ्याने पाठीवर झेलायचा? आणि नंबरप्लेट गळ्यात अडकवायची?” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “पण टाकी… टाकी मात्र काढलीस हं पोरी! जन्मभर टाक्या पुसल्या मी, अशी नाही पाहिली.”

धाकटीने मासिक मिटलं. ती हसली नाही, पण ताईला ते दिसलंच नाही. ताईच्या काळजात कळ उठली होती. ती टाकी धाकटीची नव्हती… ती ताईची होती!

दोघी एकाच कारखान्यात होत्या. धाकटी आराखडे काढणारी, शिकलेली, स्वतंत्र खोलीत बसणारी. ताई मातीकामावर. नवी गाडी आधी तपकिरी, मेणासारख्या मातीत घडवायची, ती भट्टीत मऊ करून सांगाड्यावर थापायची, दातेरी पात्याने तासायची. ताईची नखं वर्षानुवर्षं तपकिरी होती. खरं तर आराखड्यांच्या शाळेत आधी प्रवेश मिळाला होता तो ताईलाच. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. घरातून एकीलाच शिकता येणार होतं. “छोटीला पाठवा,” असं ताई म्हणाली आणि ते इतक्या सहज म्हणाली, की तिने काही सोडलं आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा तिचा हात धाकटीच्याच डोक्यावर होता!

आणि आता ही टाकी. मातीकामाची एक रीत असते. एकाच सांगाड्यावर डावीकडे एक आराखडा आणि उजवीकडे दुसरा घडवतात, मधोमध आरसा उभा करतात, म्हणजे प्रत्येक अर्धी बाजू पूर्ण गाडी होऊन दिसते. डाव्या बाजूला धाकटीचा आराखडा होता, नीटनेटका, कुणालाही पटेल असा. उजव्या बाजूसाठी तिचा दुसरा आराखडा आलाच नाही. उघडी माती बघवेना म्हणून ताईने कागद न घेता, नुसत्या तळहाताच्या अंदाजाने, ती बाजू भरून काढली. निवडीच्या दिवशी साहेबांनी उजव्या बाजूवर बोट ठेवलं, धाकटीच्या पाठीवर थाप मारली, टाळ्या झाल्या. धाकटीने तोंड उघडलं… आणि मिटलं!

मागून घ्यायचं ते कसलं श्रेय! ती आपणहून सांगेल म्हणून ताई थांबली. दिवस गेले, महिने गेले, वर्ष उलटलं. चमचमती गाडी प्रदर्शनात फिरून आली, धाकटीचे फोटो छापून आले, आणि ताईच्या अंतःकरणात मत्सराचा निखारा धुमसत राहिला. स्वतःच्या पोटची पोर दुसरीच्या कडेवर पाहावी तसं तिला होई. धाकटीचं हसणं, तिची नवी पर्स, तिचं ‘ताई, दमलीस का गं?’ असं विचारणं… सगळंच तिला सलू लागलं होतं.

त्या दुपारी बैठक होती. गाडी कारखान्यात उतरवायची की नाही, ते ठरणार होतं. पत्रा कुठवर वाकेल यावर ताईचं मत साहेब शेवटचं मानत. कारण आकार तिच्या हाताखालून गेलेले असत.

मातीची गाडी खोलीच्या मधोमध उभी होती. साहेबांनी विचारलं, “ताई, मडगार्ड, आरसे, ते सगळं बसवू आपण. दिवा थोडा जाड होईल, चालेल. प्रश्न टाकीचा आहे. एवढी खोल रेघ पत्रा सोसेल का?”

उत्तर ताईला केव्हाचं माहीत होतं. एका पत्र्यात टाकी दाबली तर ती रेघेवर फाटणार. पण वरचा आणि खालचा असे दोन पत्रे घेऊन बरोबर रेघेच्या तळाशी जोडले, तर सांधा सावलीत लपेल आणि रेघ जशीच्या तशी उतरेल. सांगायला एक वाक्य पुरलं असतं! तिने समोर बसलेल्या धाकटीकडे पाहिलं.

“नाही सोसणार,” ताई म्हणाली. “पत्रा फाटेल. ही गाडी होण्यातली नाही.”

स्वतःच्याच लेकराच्या गळ्यावर तिने पाय दिला होता, आणि तिला वाईटही वाटलं नाही… इतकी ती पेटली होती!

साहेब हळहळले. “मग डावी बाजू घेऊ. साधी आहे, पण सहज निघेल. नाही तरी दोन्ही हिच्याच,” ते धाकटीकडे वळले. “तुझं काहीच बिघडत नाही.”

खरंच बिघडत नव्हतं! तिची स्वतःची गाडी रस्त्यावर येणार होती, आणि उजवी बाजू तासली की वर्षभराचं खोटंही मातीत जाणार होतं. फक्त मान हलवायची होती. ताई वाट पाहत राहिली.

“नको,” धाकटी उभी राहिली. “डावी बाजू टाकून द्या साहेब, पण ही रेघ घालवू नका. पुन्हा करून पाहा, दहादा करून पाहा… ही माझी नाही. कागदावर मी कधी काढलीच नाही. ही ताईची आहे!”

साहेबांनी वळून ताईकडे पाहिलं.

“त्या दिवशी मी सांगणार होते,” ती रडत म्हणाली. “पण टाळ्या वाजल्या… शिकले मी, हजार कागद रंगवले मी, आणि ताईने नुसता हात फिरवला! मला बघवलं नाही. मग रोज उद्यावर ढकललं. सकाळी बाबा बोलले तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.”

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. हिला… हिला आपला हेवा वाटत होता? हिने सगळं सोडलं, आणि आपण?

“साहेब,” तिचा आवाज चिरकला, “पत्रा नाही फाटणार. मी खोटं बोलले. दोन पत्रे घ्या, सांधा रेघेत घाला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

गाडी ठरली. धाकटीची होऊ घातलेली बढती तिथेच थांबली. आणि साहेबांनी शांतपणे, वर न बघता सांगितलं, की यापुढे पत्र्याबद्दल ताईचं एकटीचं मत धरलं जाणार नाही. इतक्या वर्षांचा शब्द एका दुपारी गेला होता. ताईने मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

खोली रिकामी झाली. धाकटी कोपऱ्यात उभी राहून मुसमुसत होती.

“ताई, बोल ना गं मला काहीतरी. तू कधीच काही बोलत नाहीस! शाळा दिलीस तेव्हाही बोलली नाहीस. तुझं ते न बोलणं मी जन्मभर डोक्यावर घेऊन फिरतेय…”

“बोलू?” ताई उसळली, आणि तिला स्वतःलाच आपला आवाज ओळखू येईना. “ती शाळा माझी होती! मला जायचं होतं तिथे! तू पहिल्या दिवशी दप्तर घेऊन निघालीस ना, तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. तुझा हेवा वाटतो मला, छोटे. रोज वाटतो. आत्ताही वाटतोय!”

एवढं बोलून ती धापा टाकत थांबली, जशी काही मैलभर धावून आली होती. धाकटीने डोळे पुसले. मग ती पुढे आली आणि ताईला घट्ट, अगदी लहानपणी बिलगायची तशी बिलगली. आणि ताईने, पहिल्यांदाच समजूत न घालता, तिच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडून घेतलं.