काडीपैलवान आजोबांचं कोलेस्टेरॉल

माझे आजोबा काडीपैलवान आहेत. तुपाचा त्यांना वाससुद्धा चालत नाही. मग त्यांच्याच रक्तात कोलेस्टेरॉल वाढलं कसं? हे कोडं मला सोडवायलाच हवं होतं, कारण त्यापायी नाडीताईने आमची सहल रद्द केली होती.

नाडीताई म्हणजे आमच्या चांद्रवस्तीची डॉक्टर, एक यंत्रमानव. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला मोठी दुर्बीण बांधायचं काम चालू आहे. आजोबा मला ती दाखवायला नेणार होते, आणि नेमका तपासणीत रिपोर्ट बिघडलेला निघाला.

"मला काहीही होत नाहीये," आजोबा फुरंगटून म्हणाले.

"हीच तर त्याची खोड!" नाडीताई म्हणाली. "दुखत नाही, खुपत नाही. गुपचूप धमन्यांच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या) आत थर धरतं. नळी तुंबली की हृदयविकाराचा झटका."

मी आजोबांचा हात घट्ट धरला. आजोबांशिवाय मला करमतच नाही.

"पण ते तूप खात नाहीत!" मी म्हणाले.

"सृजा, कोलेस्टेरॉल मेणासारखं असतं. पेशींची आवरणं बांधायला ते लागतंच, म्हणून यकृत (पोटातला एक मोठा अवयव) ते स्वतःच तयार करतं. काहींचं यकृत जरा जास्तच उत्साही. हा गुण आनुवंशिक (आईवडिलांकडून आलेला) असतो, बारीक माणसालाही तो सोडत नाही. म्हणून तर गोळी दिली होती. तिने यकृत कमी कोलेस्टेरॉल बनवतं, वर रक्तातलं वाईट, म्हणजे थर धरणारं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. घेताय ना, अमेयराव?"

आजोबा छताकडे बघायला लागले. "मागचा रिपोर्ट नॉर्मल आला की! मग केली बंद."

मला असा राग आला! वस्तीची हवा शुद्ध ठेवणारं यंत्र आजोबाच सांभाळतात. मी विचारलं, "आजोबा, मीटर हवा ठीक दाखवतोय म्हणून तुम्ही यंत्र बंद कराल?"

"वेडी का काय! यंत्र चालू आहे म्हणून तर मीटर ठीक..." आजोबा मध्येच थांबले. त्यांचा चेहरा अगदी बघण्यासारखा झाला.

"आणि पृथ्वीवरून फरसाणाचे डबे कोण मागवतं?" नाडीताईने दुसरं बिंग फोडलं. "नुसतं तूप सोडून भागत नाही. तळलेलं कमी करा. ओट्स, मूग, मटकी, भाज्या खा. त्यांतले तंतू (न पचणारा चोथा) आतड्यातलं थोडं कोलेस्टेरॉल बाहेर नेतात. शिवाय रोज पळायचं. इथे वजन हलकं, नुसतं फिरून व्यायाम होत नाही. म्हणून खांद्यांना खाली ओढणारे ताणाचे पट्टे बांधून पळा. त्याने चांगलं कोलेस्टेरॉल वाढायला मदत होते. ते रक्तातलं जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेतं."

आजोबा कुरकुरत का होईना, रोज पळू लागले. मटकीची उसळ त्यांना आवडायलाही लागली. काही महिन्यांनी रिपोर्ट छान आला, गोळी मात्र चालूच राहिली आणि आमची गाडी निघाली.

दुर्बीण अजून अर्धीच झाली होती. "पुरी व्हायला वीस वर्षं लागतील," तिथली इंजिनिअर म्हणाली.

आजोबांनी बोटांवर आपलं तेव्हाचं वय मोजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तेव्हा पुन्हा येऊ. गाडी मात्र तू चालवायची."