थांबून बोलणारा माणूस

हिंगणीच्या त्या पोस्टमास्तरला बोलायच्या आधी थांबायची खोड आहे. साधं "जेवलात का?" विचारा, हा आधी थांबेल, "हं..." करेल, मग उत्तर देईल. आंजीत चाळीस वर्षं किराणा दुकान चालवते मी, माणसं ओळखते. सरळ माणूस लगेच बोलतो. थांबतो तो मनात खोटं शिवत असतो.

पण आधी सुनेचं सांगते. नमिता शाळेत शिकवते. माझा पोरगा भूपेंद्र तापानं गेला, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून घरात मी, ती आणि तिच्या कादंबऱ्या. मी चौथी शिकलेली. जे घडलंच नाही ते वाचून डोळे कशाला फोडायचे, हे मला काही कळलं नाही.

वाचून झालं की तिला कोणाशी तरी बोलायचं असायचं. ती बोलायची आणि मी तूर निवडायची. शेवटी तिनं मोबाइलवर वाचणाऱ्यांचे ग्रुप शोधले. पहिल्यात नुसती सकाळची फुलं आणि सुविचार. दुसऱ्यात सगळे एकमेकांना वाहवा देत, पुस्तक कोणी उघडलेलंच नव्हतं. तिसरा सापडला तशी धावत आली —

"आई, इथं भांडतात!"

"भांडण पाह्यजे तं माझ्यासंग कर ना. घरचं आहे."

"तुमच्यासंग जिंकता येत नाई, आई."

दर रविवारी दुपारी बारा जण मोबाइलवर जमायचे. नियम एकच, पुस्तकाबाहेरचं बोलायचं नाही. त्या बारांत हा अच्युत पोस्टमास्तर. मी दुकानात बसायची, मधे नुसता पडदा. कान काही मी गहाण टाकले नाहीत.

"तुम्हाला ती बाई भित्री वाटते?" नमितानं एकदा विचारलं.

"हं... नाही. सावध वाटते."

"फरक काय?"

"भित्रा माणूस दाराला कडी घालतो. सावध माणूस दार नुसतं लोटून घेतो... कोणी ढकललं तर उघडावं म्हणून."

यावर ती हसली. सात वर्षांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाईक साखर मागत होतं, मी मीठ बांधून दिलं.

मग मी पाळतच ठेवली. रविवारी डोळ्यांत काजळ!

"पुस्तकाले काजळ लागते का वं?"

"डोळे जळजळतात, आई."

जळजळतात म्हणे.

डिसेंबरातल्या एका रविवारी पडद्याआडून पोस्टमास्तरचा आवाज आला, "त्या म्हातारीनं सुनेला एकदाही विचारलं नाही, तुला काय पाहिजे म्हणून." लगेच कोणी बाई म्हणाली, "अशी सासू असली की सून आयुष्यभर जळते." माझ्या अंगाची आग झाली. पडदा ओढून मी आत गेले.

"माझं नाव घेऊन बोला ना! पाठीमागं काऊन बोलून राह्यले?"

मोबाइलच्या चौकटी-चौकटीतली तोंडं उघडीच राहिली. नमिता पांढरी पडली.

"आई, ती पुस्तकातली सासू आहे..."

"मले येडी समजते का?"

तिनं पान समोर धरलं. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. होती बापा, खरंच एक म्हातारी होती तिथं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मागं वळले, तेवढ्यात तो —

"हं... काकू, आलाच आहात तर... आम्ही तासभर यावरच भांडून राह्यलो. तुम्ही सांगा. ती काऊन विचारत नसेल?"

जन्मभर लोकांनी मला "केवढ्याले?" विचारलं. "काऊन?", का म्हणून, ते कोणी विचारलं नाही. त्याला झाडायला तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच.

"विचारलं तं सून सांगन ना. 'जायचं आहे' म्हणन. मंग म्हातारीनं चहा कोणासाठी मांडाचा? एका कपाचा चहा कधी जमत नाई..."

आता सगळेच थांबले. नमितानं माझ्या पदराचं टोक धरलं. "आई... तुम्ही पुस्तकातलंच सांगून राह्यल्या ना?"

"नाई तं काय!" म्हटलं, आणि पदर सोडवून दुकानात येऊन बसले.

पुढच्या रविवारी तो स्वतःच दारात. हिंगणीहून दोन गाड्या बदलून. नमितासाठी पुस्तक, आणि माझ्यासाठी चहापत्तीचा पुडा. किराणावालीला चहापत्ती! रस्त्यानं कापसाचे ट्रॅक्टर वर्ध्याकडे चालले होते, त्यातला एक पुंजका त्याच्या केसांत अडकला होता. नमिताचा हात वर गेला... अर्ध्यातच थांबला. बांगडी तेवढी वाजली. मी पाहिलं. त्यानंही पाहिलं.

मी त्याला स्टुलावर बसवलं.

"लगन काऊन नाई केलं?"

"हं... थांबलो."

"कोणासाठी?"

तो नमिताकडे पाहायला लागला. तिची नजर दाराच्या चौकटीवर, आणि गॅसवर चहा उतू जात होता.

"पुस्तकाबाहेरचं बोलायचं नाही, असा नियम आहे ना?" ती हळूच म्हणाली.

"पुस्तक काल संपलं!"

मेला, या खेपेला थांबला नाही. श्वाससुद्धा घेतला नाही त्यानं.

मग मला ते विचारावंच लागलं. "नमिता, तुले काय पाह्यजे?"

ती कधी नव्हे ती माझ्या डोळ्यांत पाहत राहिली. "तुम्हाले सोडून जायचं नाई, आई. पण... यांच्यासंग भांडायचं आहे. रोज."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तीन कप भरले. त्याचीच पत्ती, चव बरी होती, पण ते मी त्याला सांगितलं नाही. जे सांगायचं ते तोंडावर सांगितलं.

"ऐका मास्तर. तुम्ही थांबता लय, पण खोटे नाई. आता हा तीन कपांचा चहा हिंगणीले नाई, या घरात होईन. आंजीले बदलीचा अर्ज टाका. आन् तो लिहिताना थांबू नका."