मांदेली पाव खात नाही

“मित्रा, बघ ना, आजपण खाल्ला नाही,” प्रीतम म्हणाला.

मनोरीच्या खाडीकाठी मांदेली तोंडात पाव धरून उभी होती. मांदेली म्हणजे धाकूनानांची कुत्री. त्या नावाच्या छोट्या माशासारखा सोनेरी रंग, म्हणून नानांनी तिचं नाव तेच ठेवलं होतं. प्रीतमने टाकलेला पाव तिने हवेतच झेलला होता. बरगड्या दिसाव्यात इतकी ती वाळली होती, तोंडातून लाळ गळत होती, तरी पावाला तिने दात लागू दिला नव्हता. ती पाण्याच्या कडेला गेली, थांबली, शेपटीपर्यंत थरथरली आणि पाण्यात शिरली.

“थंडी वाजते तिला,” प्रांजल म्हणाली.

“दुपारी साडेतीनला? मला इथे घाम फुटलाय यार.”

मित्रा म्हणजे संघमित्रा. पाण्यापासून चांगली वीस पावलं लांब, एका उपड्या होडीवर ती बसली होती. समोर केवढी तरी खाडी, आणि तिच्यात नारळाएवढं सोनेरी डोकं पुढे सरकत होतं. पाव भिजू नये म्हणून मान उंच धरलेली. पलीकडे, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलाच्या उंचवट्यावर धाकूनानांची निळी होडी टेकली होती. मांदेली चिखलातून वर आली, होडीत चढली आणि दिसेनाशी झाली. संघमित्राने कधीचा रोखून धरलेला श्वास सोडला.

दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिचा मामेभाऊ प्रीतम मनोरीला आले होते. संघमित्राची आई बोरिवलीच्या एका रुग्णालयात परिचारिका. तिच्याच वॉर्डात धाकूनाना मांडीचं हाड मोडून पडले होते. त्यांना भेटायला येणाऱ्या बहिणीने, शेवंतीआजीने, आईला सांगितलं होतं, “सिस्टर, तू माझ्या भावाला बघतेस, तुझ्या पोरांना मी बघते. धाड त्यांना चार दिवस.” प्रांजल ही आजीची नात. तेरा वर्षांची, आणि बोलण्यात आजीपेक्षा एक पाऊल पुढे.

मार्व्याहून मनोरीला फेरीबोटीने दहा मिनिटं लागतात. संघमित्रा मात्र भाईंदर, उत्तन, गोराई असा सगळा वळसा घालून बसने आली होती. सात वर्षांची असताना पोहण्याच्या वर्गात शिक्षकांनी तिला मागून ढकललं होतं. “पोरं पडली की शिकतात,” म्हणाले होते. ती शिकली नाही. तेव्हापासून पाणी गुडघ्याच्या वर आलं की तिला कानांत तोच बुडबुड आवाज ऐकू येई.

“दोन तास बसमध्ये उलट्या मी केल्या,” प्रीतम सगळ्यांना सांगत असे, “आणि पाण्याला घाबरते ही.”

मांदेलीची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. शेवंतीआजी अंगणात चकल्या पाडताना सांगायची, “रोज दिवेलागणीला जाते बघ ती. मालकाला शोधते. त्याच्यासाठी जेवण नेते. माणूस करणार नाही एवढी माया.” शहरातून आलेले लोक मोबाइलवर तिचं चित्रण करायचे, डोळे पुसायचे आणि तिला बिस्किटं टाकायचे.

संघमित्रा मात्र रोज त्याच उपड्या होडीवर बसत होती. बाकीचे पाण्यात डुंबत असताना करायचं काय? ती वहीत वेळ लिहायची. मांदेली परत आली की अंग झटकून तिच्याजवळ यायची आणि ओलं डोकं तिच्या पायावर टेकवायची. दुसऱ्या कुणाला ती एवढं जवळ येऊ देत नसे.

तिसऱ्या दिवशी संघमित्राने वही उघडून दोघांसमोर धरली.

“परवा साडेतीन. काल सव्वाचार. आज पाच. ती दिवेलागणीला जात नाही. रोज पाऊण तास उशिरा जाते.”

प्रांजलने एकदा वहीकडे आणि एकदा खाडीकडे पाहिलं. “ओहोटीला जाते. पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा. म्हणजे पोहावं कमी लागतं.”

“मग पाव कोण खातं?” प्रीतमने विचारलं. “नाना तर बोरिवलीत. भूत असेल तर मी घरी मुलुंडला चाललो.”

संघमित्राचा हात मांदेलीच्या पोटावरून फिरत होता. तो थांबला. “प्रांजल, हिचं पोट बघ. आमच्या गल्लीतली राणी कुत्री व्यायली होती तेव्हा तिचं पोट असंच झालं होतं. दुधाने भरलेलं.”

तिघंही खाडीपलीकडच्या निळ्या होडीकडे बघत राहिली. नाना रुग्णालयात जाऊन तीन आठवडे झाले होते. आठवडाभर ही एवढीशी कुत्री एवढ्या मोठ्या पाण्यातून येत-जात होती, आणि सगळं गाव काठावर उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

आजीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. “पिल्लं असली तरी त्या होडीला पाय लावायचा नाय. धनी अंथरुणावर असला की त्याच्या होडीत कुणी चढत नाय. तो उठून येईल, तोच आधी पाय ठेवील. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच हाय.”

“पण सहदेवकाकाने तर होडी हलवली,” प्रांजल म्हणाली.

सहदेवकाका म्हणजे नानांचा पुतण्या. तो ओसरीवर आकाशकंदील लावत होता. “मी पाय नाही ठेवला हां. माझ्या होडीतूनच दोर ओढला, काठावरून पलीकडे नेली आणि तिथल्या खांबाला बांधली.”

“आत बघितलंत?” संघमित्राने विचारलं.

“आत काय बघायचंय? जुनी जाळी आहेत. दोन वेढे जास्तच मारलेत, वाऱ्याने हलायची नाही. उद्या लक्ष्मीपूजन आहे, मला मालाडहून फुलं आणायचीत. कुत्र्याचं नंतर बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मांदेली रडली. भुंकणं नव्हे ते. लांब, बारीक, वर वर जाणारा आवाज. तिघं फराळाच्या बश्या टाकून खाडीवर धावली.

अमावास्येचं उधाण चढत होतं. संघमित्राने असं पाणी कधीच पाहिलं नव्हतं. आवाज नाही, लाट नाही. सगळी खाडी जणू खालून कुणी उचलावी तशी वर येत होती. चिखलाचा उंचवटा नाहीसा झाला होता. तिवरांची झाडं मानेपर्यंत बुडाली होती. काठावरच्या साऱ्या होड्या पाण्याबरोबर वर आल्या होत्या, डोलत होत्या. फक्त निळी होडी नाक खाली घालून उभी होती.

“दोर,” प्रांजल हळूच म्हणाली. “काकाने आठवड्यापूर्वी बांधली ना, तेव्हा भांगाची भरती होती. लहान भरती. त्या मापाचा दोर ठेवलाय त्याने. पाणी वर चाललंय आणि दोर तिला खाली धरून ठेवतोय. बारा वाजेपर्यंत पुढून पाणी भरेल, मग बुडेल.”

“आणि पिल्लं पुढेच असणार,” प्रीतम म्हणाला. या वेळी त्याला काही गंमत सुचली नाही.

सहदेवकाका मालाडला. गावातले बाकीचे बाप्ये पहाटेच मासळी घेऊन बाजारात गेलेले. शेवंतीआजी काठावर आली, तिने पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पण पाय जागचे हलले नाहीत. “माझा भाऊ तिकडे पडलाय गो. त्याच्या होडीला पाय लावला आणि त्याचं काही झालं तर?”

आता वाद घालायला वेळ नव्हता. संघमित्राने प्रीतमचा मोबाइल घेतला आणि आईला फोन लावला.

“आई, वॉर्डात आहेस? धाकूनानांना दे. लगेच दे.”

तिने सगळं दोन वाक्यांत सांगितलं आणि आवाज मोठा करून फोन आजीसमोर धरला.

“शेवंते,” नाना म्हणाले, “धन्याने सांगितल्याशिवाय पाय ठेवायचा नाय, बरोबर? मग धनी सांगतोय. ठेवा पाय. होडी गेली तर जाऊ दे. तिची पोरं आणा.” मग त्यांचा आवाज बदलला. “पण ती मांदेली पोहते, असं कोण म्हणतं? ती नाय पोहायची. पाण्याला लई घाबरते. सात वर्षं मी तिला काखेत धरून होडीत चढवतोय. पाऊल ओलं झालं तरी थरथर कापायची.”

संघमित्राने मांदेलीकडे पाहिलं. ती कडेला उभी होती. शेपटीपर्यंत थरथरत होती.

थंडी नव्हती ती.

आजीने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि छोट्या होडीची वल्ही उचलली. “प्रांजल, कोयता घे. मोठा दोर घे. प्रीतम, तू काठावर राहा, कुणी माणूस दिसला तर हाक मार. पण पिल्लांना हात कोण लावणार? ती आई चावेल.”

सगळ्यांनी संघमित्राकडे पाहिलं.

“मी,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

फोन अजून चालू होता. आई एवढंच म्हणाली, “जॅकेट घाल, मित्रा.”

प्रीतमने फेरीबोटीच्या धक्क्यावरून नारिंगी जॅकेट पळत आणलं आणि त्याचे पट्टे स्वतः आवळले. “गाठ मी मारलीय,” तो म्हणाला. “सुटणार नाही. आई शप्पथ.”

होडी निघाली. काठ मागे गेला आणि चारी बाजूंनी फक्त पाणी उरलं. संघमित्राच्या कानांत बुडबुड सुरू झाली. तिने फळी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. तेवढ्यात शेजारी पाणी उडालं. मांदेलीने उडी मारली होती. आज अंतर तिप्पट होतं, प्रवाह तिला बाजूला ओढत होता. ती वाहत जायची, पुन्हा तोंड वळवायची, पुन्हा पाय मारायची. तिचे डोळे भीतीने विस्फारलेले होते आणि ते एका क्षणासाठीही निळ्या होडीवरून हलले नाहीत. संघमित्रा त्या सोनेरी डोक्याकडे बघत राहिली. कानांतला आवाज थांबला नाही. तो तसाच चालू राहिला आणि होडीही चालू राहिली.

“आली,” आजी म्हणाली. “मी धरून ठेवते. जा, पोरी.”

निळ्या होडीचं नाक पाण्याला लागलं होतं. दोर इतका ताणला होता की त्यातून गुणगुण ऐकू येत होती. संघमित्रा फळीवरून पलीकडे उतरली. थंड पाणी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना, पुढे सरकली तसं कमरेपर्यंत आलं. रात्रीच्या भरतीचं पाणीही आत साचलं असावं. पुढच्या फळ्यांखाली अंधार होता. तिने हात आत घातला. जाळं, त्याचं बूच, भिजलेला पाव. आणि मग बोटांना ऊब लागली.

जाळ्याचा ढीग तरंगत फळ्यांना टेकला होता आणि त्यावर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, चार पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती. तिने एकेक ओढून काढलं आणि जॅकेटच्या गळ्यातून आत सरकवलं. एक, दोन, तीन. चौथं मागे सरकलं. त्याला धरायला, आतल्या तिघांना गळ्याशी वर धरून, तिला छातीपर्यंत पाण्यात जावं लागलं. ती गेली.

वळली तर मांदेली कडेला पुढचे पाय लावून धापा टाकत होती. तिला वर चढवेना. संघमित्राने दोन्ही हातांनी तिची मान धरली आणि ओढलं. दोघी धप्पकन आत पडल्या. मांदेली चावली नाही. तिने जॅकेटमध्ये तोंड घातलं आणि चारही पिल्लं हुंगली. मग पाचवं असल्यासारखं तिने संघमित्राचं तोंड चाटलं.

“घट्ट धर,” प्रांजल ओरडली. तिने मोठा दोर आधी बांधून घेतला होता. आता कोयता जुन्या दोरावर पडला. निळी होडी खोकल्यासारखी एकदा हादरली आणि तिने नाक वर उचललं. किती तरी पाणी मागे धावलं. उधाणावर ती इतर होड्यांसारखीच डोलू लागली.

त्या परतल्या तेव्हा काठावर सहदेवकाका झेंडूच्या माळा हातात घेऊन उभा होता. प्रीतमचं त्याला सगळं सांगून झालं होतं, वर थोडं पदरचंही घातलं होतं. काकाने त्या तोडलेल्या दोराकडे पाहिलं. “चुकलंच माझं,” तो म्हणाला आणि एक माळ मांदेलीच्या गळ्यात घातली. मांदेलीने ती हुंगली. मग प्रीतमने पाव पुढे केला आणि तिने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, दोन घासांत तो खाऊन टाकला.

“खाल्ला,” प्रीतम पुटपुटला.

शेवंतीआजीने संघमित्राचे केस पंच्याने पुसले. “मी साठ वर्षं या काठावर उभी हाय,” ती म्हणाली. “रोज तिला बघत होते. बघितलं तू.”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संघमित्रा धक्क्यावर गेली आणि फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. तिने कठडा घट्ट धरला होता. “बस पण आहे हां,” प्रीतमने आठवण करून दिली. “मी उलटीची पिशवीसुद्धा घेतलीय.”

“आपण बोटीने जाऊ.”

बोट सुटली. मांदेली धक्क्याच्या टोकापर्यंत आली, तिच्या मागे चार सोनेरी गोळे दुडदुडत आले. ती पाण्याच्या कडेला बसली आणि शेपटी हलवत राहिली. पाण्यात शिरली नाही. आता तशी गरजच नव्हती.

मार्व्याच्या धक्क्यावर आई उभी होती. मुलीला बोटीतून उतरताना बघून तिने हात पुढे केला. तिथून तिघं थेट वॉर्डात गेली. धाकूनानांनी मोबाइलवर पिल्लांचे फोटो पुन्हा पुन्हा मोठे करून पाहिले. मग चष्मा काढला, पुसला आणि संघमित्राचा हात आपल्या खरखरीत हातात घेतला.

“माझ्या होडीत तू विचारून पाय ठेवलास,” ते म्हणाले. “यापुढे विचारायचं नाय.”