अंगठ्याचं कांसं

दामोला सातवा महिना लागला, तेव्हा मामंजींनी त्याच्या मनगटात कांशाचं घुंगरू बांधलं. मामंजी ओतारी, घरात कांशाची कमी नव्हती. दामोला दात येत होते. तो ते दिवसभर चघळायचा.

"कशातलं ओतलंत हे?" मी विचारलं.

"भट्टीत उरलेलं." ते माझ्याकडे न बघताच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दामोची मान सूर्याबरोबर फिरत होती. सकाळी बंदराकडे, दुपारी छताकडे, संध्याकाळी डोंगराकडे. मी खिडक्या लावून घेतल्या, पाळणा उलटा फिरवला. माझे वडील मुलांना भूमिती शिकवत. त्यांच्याच दोरीने कोन मोजले. बंद अंधाऱ्या खोलीतही त्याची मान सूर्याची दिशा चुकत नव्हती. आणि हाक मारली तरी तो माझ्याकडे बघत नव्हता.

"शिकलेली सून आणली की घरात धास्ती फुकट येते," मामंजी हसले.

"खरं सांगा, मामंजी."

त्यांचं हसू विरलं. "पडलेल्या पुतळ्याच्या अंगठ्याच्या नखाची कपची. तो अंगठा माझ्या बापाने ओतलाय, दोन्ही हात पोळून घेतलेत. एवढासा तुकडा आपल्या हक्काचा नाही?"

भूकंपात सूर्यदेव हेलिओसचा तो कांशाचा पुतळा बंदराशी आडवा झाला, त्याला सहा वर्षं झाली. त्याला पुन्हा उभा करू नका, असा कौल आला. जे जिथे पडलं ते तिथेच राहील, अशी अख्ख्या ऱ्होड्स बेटाने शपथ घेतली. तिथलं गवतही कोणी बकऱ्यांना चारत नाही.

"परत टाकून या."

"उद्या. बोकड घेऊन जाऊ, पाया पडू, माफी मागू..."

"मोडून पडलेल्याला माझं लेकरू कशाला हवंय? माफी कसली मागताय!"

दामोला कडेवर घेऊन मी तडक बंदराकडे निघाले.

ऊन कलतं होतं. आडव्या पुतळ्याच्या मांडीतल्या भगदाडातून भट्टीसारखी धग येत होती. मी जवळ गेले तसे गवतात किरकिरणारे किडे गप्प झाले.

मी घुंगरू सोडलं आणि आत भिरकावलं.

आत नुसते दगड भरलेत. कांसं दगडावर पडलं की वाजतं.

वाजलं नाही.

मी ओरडले, "सत्तर हात उंच होतास ना? गुडघ्यात मोडलास. मी नाही मोडणार. तुझं तुला दिलं. हा माझा आहे!"

दामोने मान वळवली. सूर्याकडे पाठ करून माझ्या डोळ्यांत बघितलं आणि खुदकन हसला.

मी रडतच परत निघाले. डावीकडे तटाची लांबलचक भिंत होती, तिच्यावर माझी सावली सोबत चालत होती. सावलीचा हात कमरेशी वाकलेला होता. त्या हाताच्या कवेत दामोची सावली नव्हती, नुसतं मोकळं, पिवळं ऊन होतं.

दामोचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. मी त्याला आणखी घट्ट धरलं, आणि चालत राहिले.