चार वाटांचं स्थळ

सर्व्हरला चार नव्या डिस्क दिसत होत्या. नावं एसडीबी, एसडीसी, एसडीडी आणि एसडीई. चारही दोन-दोन टेराबाइटच्या. मी दोनदा मोजलं आणि केशव सरांना सांगितलं, "सर, आठ टेराबाइट जागा आहे."

केशव सर म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, व्यवस्थापक आणि एकुलते एक भूगर्भशास्त्रज्ञ. विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी गोळा करून त्यांचे नकाशे करणं हा आमचा धंदा. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तो हा उन्हाळा. त्यामुळं धंदा जोरात होता. सरांनी मागवलेली साठवणीची पेटी होती दोन टेराबाइटची. आठ आली म्हटल्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले, "कुणाला बोलू नको."

मी बोलले नाही. यंदाच्या नोंदी एसडीबीवर टाकल्या, गेल्या वर्षीच्या एसडीसीवर. दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला, तर पैठणच्या विहिरी फुलंब्रीत गेलेल्या आणि खुलताबादच्या डोंगरावर जायकवाडीएवढं पाणी.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाणी तिथंच होतं. मग ज्या कंपनीकडून साठवणीची ती पेटी घेतली होती, तिला मुकाट्यानं फोन केला.

त्याच सकाळी आमच्याकडं पाण्याचा टँकर यायचा होता. अकराच्या सुमाराला दारात एक उंच माणूस उभा राहिला. डोक्याला हेल्मेट, तोंडाला रुमाल, खांद्यावर निळ्या नळीचं भेंडोळं.

"किती उशीर!" मी म्हटलं. "मागच्या बाजूनं या. हौद तिकडं आहे, पाइप तिथंच सोडा."

तो जरा थांबला. मग अगदी आज्ञाधारकपणे म्हणाला, "पाइप नाय मॅडम, केबल आहे. पण तुम्ही म्हणत असाल तर हौदात सोडतो."

त्यानं रुमाल काढला. नाकाच्या वर चिकलठाण्याची धूळ, नाकाच्या खाली स्वच्छ चेहरा. डोळे हसरे होते. ही नोंद मी तेव्हाच घेतली. कारण नंतर शोधू म्हटलं.

"मी कृष्णा," तो म्हणाला. "पेटीवाला."

सर्व्हरची खोली ही आमच्या ऑफिसातली एकमेव थंड जागा. एसीच्या नळीतून पाणी ठिबकायचं, ते आम्ही बादलीत धरून सदाफुलीला घालायचो. टप्प... टप्प... त्या उन्हाळ्यात शहरात कुठं पाण्याचा आवाज यायचा, तर तो तिथं.

"पेटी किती?" कृष्णानं विचारलं.

"एक."

"आणि डिस्क किती मोजल्या?"

"चार."

"मॅडम, देवगाव रंगारीहून औरंगाबादला चार रस्त्यांनी येता येतं. म्हणून देवगावं चार होत्यात का?"

"तुम्ही देवगावचे?"

"व्हय. त्याच एका देवगावचा."

मग त्यानं दाखवलं. सर्व्हरला नेटवर्कची दोन दारं, पेटीला दोन. या दारातून त्या दारात जायच्या वाटा झाल्या चार. एक केबल तुटली तरी काम थांबू नये म्हणून मुद्दाम केलेली ही सोय. पण सर्व्हर ज्यावर चालतो ते लिनक्स बिचारं भोळं. त्याला प्रत्येक वाटेच्या टोकाला एक साठा दिसतो, आणि ते प्रत्येकाला नवं नाव देऊन बसतं. आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही की चारही एकच.

"आणि नाही सांगितलं तर दोन वाटांनी दोघं येऊन एकाच पाटीवर लिहितात," तो म्हणाला. "मग पैठणचं फुलंब्रीत जातं."

मला राग यायला हवा होता. पण मला प्रश्न पडला. "ते एकच आहेत हे ओळखायचं कशावरून? आकार तर कुणाचाही सारखा असेल."

तो टाइप करता करता थांबला. माझ्याकडं वळून पाहिलं. "दोन वर्षं हे काम करतोय. हे आजवर कुणी विचारलं नाय."

त्यानं एक आज्ञा दिली. पडद्यावर चार ओळी आल्या, प्रत्येकीत अक्षरं-आकड्यांचा एक लांबच लांब क्रमांक. "नाव वाटेवर ठरतं. हा नंबर पेटीचा स्वतःचा. कुठूनही या, हा बदलत नाय."

मी पडद्यावर बोट ठेवून चारही क्रमांक एकेक अक्षर ताडून पाहिले. तो शेजारी उभा राहिला.

"जुळले?"

"जुळले."

"पुन्हा एकदा बघा की..." तो म्हणाला. "मला काय घाई नाय."

मी पुन्हा पाहिले. या वेळी दोन अक्षरं चुकले.

मग त्यानं मल्टिपाथ नावाची सेवा सुरू केली, चारही वाटा एका मुठीत बांधल्या आणि कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. "आता सगळ्यांना मिळून एक नाव द्या. तुमच्या आवडीचं."

मी लिहिलं, 'विहीर'.

"पाणी लागंल का?"

"नोंदी तरी लागतील."

एका दिवसाचं काम आठवडाभर चाललं. नोंदी पुन्हा भरायच्या होत्या, हे खरं. त्यासाठी त्यानं रोज उन्हातून शेंद्र्याहून यायची गरज नव्हती, हेही खरं. कधी म्हणायचा, "केबल जरा ओढल्यासारखी वाटती." कधी म्हणायचा, "पंख्याचा आवाज ऐकून जातो." एकदा काहीच न सुचल्यानं म्हणाला, "सदाफुलीला पाणी घातलं का?" मी घातलं होतं. आम्ही दोघांनी मिळून पुन्हा घातलं.

घरी त्या वेळी माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. सारजाआत्याचं एक, मोतीराममामाचं एक, वधू-वर मंडळाचं एक आणि शेजारच्या फकिराभाऊंचं एक. मला फोटोसुद्धा दाखवत नव्हते. आधीच्या तीन मुलांना मी इतके प्रश्न विचारले होते की आईनं नियमच केला होता: आधी घर बघायचं, मग घराणं, मग पोरगा, आणि सगळं पक्कं झालं की दीपीला सांगायचं. मीही विचारत नव्हते. माझं लक्ष दुसरीकडं होतं.

गुरुवारी चहा पिताना कृष्णा एकदम हसायला लागला.

"काय झालं?"

"आमच्या घरी लई तमाशा चाललाय. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्यासाठी एक स्थळ काढलं होतं."

मी चहा ढवळू लागले. साखर घातलेली नव्हती.

"करमाडची माणसं," तो सांगत होता. "सोमवारी त्यांच्याकडून एक जण आला. म्हणाला, तुमची विहीर कोरडी आहे, स्थळ पसंत नाय. मंगळवारी दुसरा. म्हणाला, पोरगा झकास आहे, रविवारी या बघायला. बुधवारी तिसरा, फ्लॅटचा ताबा कधी मिळतो ते कळवा!"

"काय विचित्र माणसं!" मी हसून हसून खुर्चीला टेकले.

"अण्णा भडकले. म्हणाले, ज्या घराला एका तोंडानं बोलता येत नाय, तिथली पोरगी आपल्याला नको. आता रविवारी दौलताबादचं स्थळ बघायला जायचंय."

हसू जरा ओसरलं. तरी मी विचारलं, "आणि ती करमाडची मुलगी?"

"एमेस्सी आहे म्हणं. लई काटेकोर. पोह्यातले शेंगदाणे मोजती, असं तिचाच मामा सांगत होता. जमीन शेंद्र्याच्या एमआयडीसीत गेली, आता मुकुंदवाडीला राहत्यात."

माझा चमचा थांबला.

"तिच्या वडिलांचं नाव काय?"

"कडुबा."

टप्प... बादलीत एक थेंब पडला. मग आणखी एक.

"कृष्णा," मी म्हटलं, "मी शेंगदाणे मोजत नाही. एकदाच मोजले होते... लहान होते."

त्याला असा ठसका लागला की केशव सर दार उघडून बघून गेले.

"तुम्ही? पण... तुमचं आडनाव..."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"तुम्ही तरी माझं कुठं विचारलं?"

हेही खरं होतं. आठवडाभर आम्ही त्या खोलीतलं तापमान, वेग, केबलची लांबी, सगळं मोजलं होतं. एकमेकांचं आडनाव तेवढं राहिलं होतं, आणि मी तर नुसती 'मॅडम'च होते.

"रविवारी जाणार दौलताबादला?" मी बादलीकडं बघत विचारलं.

"अण्णांनी शब्द दिलाय..." त्याचं हसू गेलं होतं. "आणि अण्णांच्या शब्दापुढं मी आजवर बोललेलो नाय. तुमच्या घरून सरळ एक निरोप आला असता ना, तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि रिकामा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला.

कोणत्या मध्यस्थाकडं त्याचं कोणतं नाव आहे ते मी विचारून घेतलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

घरी आई नळाचं पाणी ड्रममध्ये भरत होती. आबा, माझे वडील, तिला घागरी देत होते. "आई," मी म्हटलं, "आत्याच्या स्थळाचं मामकूळ काय?"

माझी आई, लक्ष्मीबाई, एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पण कुणाचं मामकूळ विसरायची नाही. मुलाची आई कोणत्या घरची, हे आमच्यात सगळ्यांत आधी विचारतात. "लाडसावंगीचे निकम," ती मागं न बघता म्हणाली.

"मामाच्या स्थळाचं?"

"लाडसावंगीचे निकम. चांगली माणसं आहेत."

"मंडळाच्या?"

"लाडसावंगीचे..." घागर मध्येच थांबली. "निकम."

"आणि फकिराभाऊंच्या?"

आई ड्रमच्या काठावरच टेकली. "अगं बाई! म्हणजे त्या फोटोंतला फेट्यातला न् गॉगलवाला एकच?"

"एकच. आत्या त्याला कृष्णा म्हणते, मामा बन्सीरावांचा धाकटा म्हणतो, मंडळात तो के. बी. आहे आणि फकिराभाऊंचा तो किसन."

"फेट्यातला मला लई आवडला होता," आई हळहळली. "गॉगलवाला आगाऊ वाटला, म्हणून विहिरीचं निमित्त करून नकार कळवला."

आबांनी घागर खाली ठेवली. "तुला गं कसं कळलं हे?"

"ऑफिसात... पेटी बसवायला तोच आलाय."

"कधीपासनं?"

"एका दिवसाचं काम होतं," मी म्हटलं. "आठवडा झाला."

आबांनी आईकडं पाहिलं. आईनं नळ बंद केला. नळाला पाणी असताना आईनं तो बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग निरोप ठरला. एकच, आणि कुणाकडूनही गेला तरी हाच: चूक आमची, मुलगा पसंत आहे, रविवारी आमच्याकडं या.

आबांनी स्वतः फोन लावला. बन्सीरावांनी, म्हणजे कृष्णाच्या अण्णांनी, उचलला नाही. आत्यानं लावला, पलीकडून "एकदा नाय म्हटलं ना!" आणि कट. मामानं लावला, पण निरोप राहिला बाजूला आणि हे स्थळ सगळ्यांत आधी आपणच कसं आणलं हेच तो सांगत बसला, तोवर फोन बंद. मंडळाला गुरुवारची सुट्टी.

उरले फकिराभाऊ. ते बोअरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करायचे. हाताचं ग्रीस पुसत आले, आईनं सांगितलेला निरोप नीट ऐकला आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला पलीकडून आवाज आला, "फकिरा, झाली का मोटर?"

त्या उन्हाळ्यात माणूस सोयऱ्याचा फोन तोडत होता, मोटरवाल्याचा नाही.

"मोटर होईल, बन्सीभाऊ. आधी एक ऐका." त्यांनी निरोप सांगितला, एक शब्द इकडंतिकडं न करता. मग स्वतःचं थोडं जोडलं. "एवढी चांगली सोयरीक मोडली, तर माझं मन लागायचं नाय. मन नाय लागलं की माझं वायंडिंग चुकतं."

मग बन्सीराव म्हणाले, "पोरगं म्हणंल तसं. पण उद्या सांजच्या आत मला कळू द्या. दौलताबादवाल्यांना ताटकळत नाय ठेवायचं मला."

शुक्रवारी शेवटची चाचणी होती. विहिरींच्या सगळ्या नोंदी साठ्यात उतरत असताना एक केबल उपटायची आणि लिहिणं किती वेळ थांबतं ते मोजायचं. मी फोनवरचं सेकंदाचं घड्याळ काढून ठेवलं. कृष्णा सर्व्हरच्या मागं जाऊन उभा राहिला, हात केबलवर.

"अण्णांनी सकाळी विचारलं," तो म्हणाला. "काय सांगू म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, थांबा. एका माणसाला विचारायचं राहिलंय."

"आता कोण राहिलं?"

"तुमच्या आत्यानं तुमच्या आईला विचारलं. मामानं आबांना विचारलं. फकिराभाऊंनी अण्णांना विचारलं, अण्णांनी मला." तो सर्व्हरच्या कडेनं डोकावला. नाकाच्या वर धूळ तशीच होती. "तुम्हाला विचारलं का कुणी?"

मी आठवून पाहिलं. आईनं नाही. आबांनी नाही. कुणीच नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मग आता मध्ये कुणी नको. मीच विचारतो." तो थांबला. केबल त्याच्या मुठीत होती. "आणि नाय म्हणालात तरी पेटी चालू राहील, त्याची काळजी करू नका..."

"कृष्णा, घड्याळ तयार आहे."

"दीपमाला," तो म्हणाला, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "माझ्याशी लग्न कराल?"

आणि त्यानं केबल ओढली.

पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थांबले. मी घड्याळाचं बटण दाबलं.

केबल निघाल्यापासून नोंदी पुन्हा लिहिल्या जाऊ लागेपर्यंत अकरा सेकंद लागले. मला 'हो' म्हणायला चार.