एका मापाचे अडतीस झब्बे

कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशी आमचं दुकान आहे. मी तन्वीर, तिसऱ्या पिढीचा टेलर. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मला अंग चोरून टेबलामागे उभं राहावं लागतं. पण तीस वर्षांत माझ्या हातच्या कपड्याला कोणी नाव ठेवलेलं नाही, आणि हे मी पुण्यात राहून सांगतोय. इथे लोक फुकटच्या जेवणात मीठ कमी होतं, हे लेखी कळवतात.

गेल्या नोव्हेंबरात माझी मुलगी मिसबा पळतच दुकानात शिरली. ती मानसशास्त्रात एम. ए. करते. माझी बायको खातून गेली तेव्हा मिसबा नऊ वर्षांची होती, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. ती हसली की माझा दिवस बरा जातो, एवढा साधा माझा हिशोब आहे.

"अब्बा, हातातलं सगळं सोडा आणि टेप घ्या! अडतीस झब्बे शिवायचेत."

"कोणाचं लग्न?"

"लग्न कुठलं! माझा प्रोजेक्ट!"

माणसं कोणाच्या तरी नादी का लागतात, हा तिचा विषय. त्यासाठी तिने कर्वेनगरातला एक गट शोधून काढला होता. आनंदीबाई नावाच्या पी. टी.च्या निवृत्त शिक्षिका रोज सकाळी सहाला एका सोसायटीच्या हॉलमध्ये लोकांना रांगेत उभं करायच्या. चाळीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, दुसरं काही नाही. आता बाईंना सगळ्यांच्या अंगावर सारखे पांढरे झब्बे हवे होते, आणि टेलर तर मिसबाच्या घरातच होता. आमच्या शेजारचे दिगंबरकाकाही तिथे जायला लागले होते. मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर जन्मभर दिवाणजी होते ते, सहज कोणावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे.

"देव नाही, फोटो नाही, प्रसादही नाही," ते मला म्हणाले. "पुण्यात असा संप्रदाय चालतो, हाच चमत्कार. बघायला ये एकदा."

मापं घ्यायला मी दुसऱ्याच दिवशी गेलो. हॉलमध्ये फिनेलचा वास होता, भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती. आनंदीबाई बुटक्या, सावळ्या, अंगावर सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साठी उलटलेली माणसं त्यांना "हो बाई", "नाही बाई" करत होती. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"या मास्तर. किती वाट बघायला लावलीत!"

मी दहा मिनिटं लवकर आलो होतो. पण त्यांनी असं काही पाहिलं, की खरंच आपण वर्षानुवर्षं कुठेतरी रखडलो आणि आज पोचलो, असं मला वाटून गेलं. मला, ज्याला गिऱ्हाइकाच्या गोड बोलण्याचा अर्थ तारीख मागेपुढे करणं, एवढाच माहीत आहे!

मग सगळे उभे राहिले. हात पुढे, एक हात अंतर, हात खाली. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. बाई कॅनव्हासचे बूट न वाजवता रांगांतून फिरत होत्या. कोणाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, दोन बोटं टेकवायच्या आणि पुढे जायच्या. चाळीस मिनिटांनी त्या हळूच म्हणाल्या, "सोडा." अडतीस जणांनी एकदम श्वास सोडला. मी मागे गळ्यात टेप अडकवून उभा होतो. माझे डोळे भरून आले, आणि कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही.

परत येताना मिसबा स्कूटरवरून सारखी मान मागे वळवून बोलत होती. "बघितलंत? पुष्कळ लोकांनी एकत्र एकच गोष्ट केली ना, की 'मी' पातळ व्हायला लागतो. सैन्यात हेच, मिरवणुकीत हेच. बाईंनी तर बाकी सगळं काढून टाकलंय, फक्त रांग ठेवलीय. डिझर्टेशनसाठी सोनं आहे, अब्बा!"

"पुढे बघ," मी म्हटलं. पण तिची खुशी मलाही लागली होती. मापं तर काय एकेक नमुना! दिगंबरकाकांचा डावा खांदा इंचभर उतरलेला. इंदुबाईंना पाठीला पोक. संतोष नावाचा पोरगा पोहणारा, त्याचा खांदा टेबलाएवढा. मिसबासुद्धा त्यांच्यात रोज उभी राहायची, कारण म्हणे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही. अडतीस माणसं, अडतीस तऱ्हा. महिनाभर मी जीव लावून शिवलं. झब्बे घालून सगळे उभे राहिले, तेव्हा मीच मनात स्वतःला शाबासकी दिली.

फेब्रुवारीत दिगंबरकाका झब्बा घेऊन दुकानात आले.

"तन्वीर, चष्म्याचा नंबर वाढला की धंद्यातलं लक्ष उडालं?"

त्यांनी झब्बा घालून दाखवला. डाव्या खांद्यात मी मुद्दाम घातलेला पॅड वर आला होता. छातीत कापड ताणलेलं. मी टेप लावला. दोन्ही खांदे एका रेषेत होते. अडुसष्ट वर्षांचा वाकडा खांदा तीन महिन्यांत सरळ!

"दुखणंही गेलं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. "बाईंची कृपा म्हण, व्यायाम म्हण. तू झब्बा सुधार."

आठवडाभरात एकेक करून सगळे झब्बे परत आले. कोणाला घट्ट, कोणाला ढगळ. माझी झोप उडाली. शेवटी टेप उचलला आणि हॉलवरच गेलो, म्हटलं पुन्हा पहिल्यापासून. मिसबा वही घेऊन लिहायला बसली.

दिगंबरकाका. खांदा सव्वासतरा, बाही तेवीस, छाती साडेएकोणचाळीस, लांबी चाळीस.

इंदुबाई. खांदा सव्वासतरा, बाही तेवीस.

"अब्बा, हे काकांचं झालं. पुढचं सांगा."

"हे इंदुबाईंचंच आहे."

संतोष. सव्वासतरा, तेवीस, साडेएकोणचाळीस, चाळीस.

डोळ्यांना इंदुबाई माझ्या खांद्यापर्यंत दिसत होत्या आणि संतोष दरवाज्याला टेकेल एवढा. टेप दोघांनाही चाळीसच म्हणत होता. मी खाली जाऊन नवा टेप विकत आणला. तोच आकडा. मग दुकानातली लोखंडी पट्टी आणवली आणि टेप तिच्यावर ठेवून पाहिला. टेप बरोबर होता.

मिसबाची पेन्सिल थांबली होती, पण तिचे डोळे चमकत होते. "हे शक्य नाही," ती म्हणाली. "अब्बा, हे शक्य नाही आणि आपण ते मोजलंय!"

मलाही हुरूप चढला, खोटं कशाला सांगू? असं काही आजवर कोणा टेलरच्या हाताला लागलं नसेल. शेवटी मिसबाचं माप घेतलं. बाही तेवीस, छाती साडेएकोणचाळीस, लांबी चाळीस. खांदा सतरा. तेवढा पाव इंच तिचा स्वतःचा उरला होता.

मी सदतीस झब्बे एकाच मापाने कापले आणि मिसबाचा तिच्या मापाने. गुरुवारी गठ्ठा पोचवला. ज्याने जो उचलला त्याला तो बसला, आणि इतका सुरेख बसला की कुठे सुरकुती शोधून सापडेना.

मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, ही मापं कोणाची आहेत?"

त्यांनी टाळी वाजवली. "मोजलंत तर! अकरा महिने वाट बघतेय, कोणीतरी मोजेल म्हणून. मला नजरेने कळत होतं, पण नजरेचं काय खरं? सगळे जुळले?"

"एक सोडून. मिसबाचा खांदा पाव इंच कमी आहे."

हे मी बाप म्हणून बोललो नाही. पाव इंचही माझ्या हातून निसटत नाही, हे मला मिरवायचं होतं. ती माझी चूक, आणि तिला दुसरा कोणी वाटेकरी नाही.

"पाव इंच," बाई म्हणाल्या. "होईल की."

"पण माप आहे कोणाचं?"

"मला काय माहीत, मास्तर? शाळेत तपासणी असली की साहेब कोण येणार, हे आम्हाला कुठे सांगायचे? मुलांना धुतलेल्या गणवेशात रांगेत उभं करायचं. पुढचं ज्याचं तो बघतो. रविवारी सगळ्यांना बोलावलंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. लबाडी शोधत होतो. लबाड माणूस बरा, त्याला पोलिसात देता येतं. माझ्यासमोर एक खूश झालेली शिक्षिका उभी होती. मी निघालो तेव्हा त्या मिसबाच्या मागे गेल्या होत्या आणि त्यांची दोन बोटं तिच्या पाठीवर होती.

शनिवारी दुपारी मिसबाने दुकानात तिचा झब्बा घालून पाहिला.

"खांद्यात आवळतोय. अब्बा, तुम्ही आणि चूक!" ती हसत सुटली.

मी टेप लावला. सव्वासतरा. बाहेर तांबटांचे ठोके चालू होते. मी टेप काढून पुन्हा लावला. तेवढंच.

"उद्या जायचं नाही."

"अब्बा, उद्या शेवटचं निरीक्षण. मग मी लिहायलाच बसणार आहे."

"मिसबा, तिथे उभं राहिलं की तुला काय होतं?"

तिने जरा विचार केला. मग आनंदाने म्हणाली, "काहीच होत नाही. तेच तर भारी आहे! दहा मिनिटांनी मी नसतेच."

मी रागावलो, हात जोडले, खातूनची शपथही घातली. तिने मला जवळ घेतलं, "उद्या बिर्याणी करू" म्हणाली. मी तो होकार समजलो. सकाळी उठलो तर स्कूटर नव्हती आणि फोन बंद होता.

रिक्षात बसलो आणि इतके दिवस डोक्यात न शिरलेली गोष्ट शिरली. एकाच मापाचे अडतीस नग कोणी कधी करून घेतो? घालणारा एकच असतो तेव्हा. आणि त्यातला कुठला घ्यायचा हे त्याचं अजून ठरलेलं नसतं तेव्हा. पण माझे झब्बे तर अडतीस जणांनी घातले होते. मग मापाचं बनवलं होतं ते काय?

"जरा जोरात घ्या हो," मी रिक्षावाल्याला म्हणालो.

"उडवू का?" तो म्हणाला.

हॉलचं दार उघडंच होतं. उन्हं आत आली होती. अडतीस पाठी, पाच रांगा, पांढरे झब्बे. बाई समोर होत्या, त्यांचा चेहरा उजळलेला होता. "सोडा," त्या म्हणाल्या.

अडतीस श्वास सुटले. पण या वेळी परत आत घेतल्याचा आवाज मला आला नाही.

मग पहिल्या रांगेत सगळ्यात कडेला उभ्या असलेल्या दिगंबरकाकांनी खांदे उडवले. दोन्ही हात पुढे करून बाह्या पाहिल्या. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. मी तीस वर्षं हे रोज पाहतो. नवा कपडा अंगात घातला की माणूस नेमकं एवढंच करतो.

काका सैल पडले. त्यांच्या शेजारच्याने खांदे उडवले. हात पुढे. डावीकडे, उजवीकडे. सैल.

मग तिसरा.

मिसबा तिसऱ्या रांगेत होती. मी धावलो. "मिसबा, चल!" कोणी वळलं नाही. इंदुबाईंना माझा धक्का लागला, त्या हलल्याही नाहीत. पहिली रांग संपली. दुसरी सुरू झाली, आणि आता घाई होती. खांदे, हात, सैल. खांदे, हात, सैल.

मी तिचं मनगट पकडलं. गरम होतं. तिचे डोळे माझ्याकडे वळले आणि ओठ हलले.

"अब्बा, बघताय ना? लिहून ठेवा."

"चल, बेटा. चल." मी ओढलं. बावीस वर्षांची सडपातळ पोर, पण मला ती जागची हलवता येईना.

दुसरी रांग संपली. तिच्या उजवीकडे संतोष होता. त्याने खांदे उडवले, हात पुढे केले, डावीकडे वळला, उजवीकडे वळला. सैल पडला.

माझ्या मुठीतलं मनगट हळूच पुढे झालं. तिने बाही पाहिली. खांदे उडवले. डावीकडे वळली. उजवीकडे वळली.

मी रांगेत तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या आजींकडे पाहत होतो. आता त्या हलतील, आता हलतील. मनातल्या मनात मी त्यांना विनवत होतो.

त्या तशाच उभ्या राहिल्या.

मिसबाने दुसऱ्या हाताने गळा सारखा केला. मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आणि ज्या आवाजात ती जन्मभर मला अब्बा म्हणत आली, त्याच आवाजात म्हणाली,

"छान बसलंय, मास्तर."